शेजाऱ्यानं घातलेलं तेरावं

पोलंडमधल्या क्राकूफच्या मुख्य चौकाच्या आसपास टूरवाल्यांच्या जेवढ्या खिडक्या आहेत, तेवढ्यांत एकाच साच्यातलं पत्रक मिळतं. वरच्या अर्ध्या भागात काटेरी तारांचा फोटो, खालच्या अर्ध्यात मिठाच्या झुंबरांचा. ऑशवित्झ आणि व्हिएलिच्काची मिठाची खाण, दोन्ही एका दिवसात. सकाळी हॉटेलवरून उचलणार, रात्री आणून सोडणार, डब्याचे पैसे वेगळे. अष्टविनायकाच्या सहलीत पहिल्या दिवशी पाच गणपती उरकतात, तसाच हिशेब. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "डबा व्हेजिटेरियन?" प्रश्नात वावगं काही नव्हतं. दिवस मोठा, भूक लागणारच, आणि मांस मी खात नाही. तरीही 'हो' म्हणताना ओशाळल्यासारखं झालं. पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी, त्याच काचेवर, ज्यू संस्कृती महोत्सवाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. महिना जूनचा होता. एकाच खिडकीत ज्यूंचं मरणही होतं आणि ज्यूंचं गाणंही.

अशा वेळी सभ्य माणसाचं मत ठरलेलं असतं. ऑशवित्झला जावं, मान खाली घालून फिरावं, परत यावं. पण ज्या शहरातली ६० हजारांहून जास्त ज्यूंची वस्ती जवळजवळ पुसली गेली, तिथे क्लॅरिनेटच्या सुरांवर नाचायचं, यिडिश गाणी ऐकत बिअर प्यायची, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं. मी गेले तेव्हा माझंही मत हेच होतं. क्राकूफमध्ये आठ दिवस काढल्यावर ते जवळजवळ उलटं झालं. महोत्सव हवा की नको याबद्दल मला आता फारशी शंका नाही. शंका आहे ती स्मारकाच्या फेरीबद्दल, निदान ती ज्या पद्धतीनं घडवली जाते त्या पद्धतीबद्दल.

आधी फेरीचं सांगते. ऑशवित्झची नाझी छावणी क्राकूफपासून पश्चिमेला पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांपैकी १० लाखांच्या घरात ज्यू होते. उरलेल्यांत सत्तरेक हजार पोलिश, २१ हजार रोमा, १५ हजार सोव्हिएत युद्धकैदी. १९४७ साली तिथे संग्रहालय झालं, १९७९ साली जागतिक वारसा यादीत नाव गेलं, आणि २०१९ या एका वर्षात २३ लाख माणसं ते पाहून गेली. कानाला हेडफोन, पुढे गाइड, साडेतीन तासांत मुख्य छावणी आणि तीन किलोमीटरवरचं बिर्केनाऊ. व्यवस्थेला नाव ठेवायला जागा नाही. गाइड आवाज चढवत नाहीत, अश्रू काढायचा प्रयत्न करत नाहीत. चार नंबरच्या ब्लॉकमध्ये काचेमागे केसांचा ढीग आहे, जवळजवळ दोन टन. तिथे फोटो काढायचा नाही असं सांगतात आणि बहुतेक लोक ऐकतात. कधीकाळी काळे, तांबूस, सोनेरी असतील ते केस आता सगळे एकाच मळकट करड्या रंगाचे झाले आहेत. मध्ये एक वेणी दिसली. अजून सुटली नव्हती.

त्या वेणीपाशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे काहीतरी चुकतंय. केस कोणी जमवले? मारणाऱ्यांनी. चष्मे, बूट, दाढीचे ब्रश कोणी वेगळे केले, ढीग कोणी लावले? त्यांनीच. पट्टेरी कपड्यांतल्या कैद्यांचे तीन-तीन फोटो, हातावरचे आकडे, याद्या, सगळी त्यांचीच कारकुनी. म्हणजे मेलेली माणसं आपण पाहतो ती मारणाऱ्यांनी लावलेल्या मांडणीत. तिथे मेलेल्याच्या हातचं म्हणावं असं फार थोडं सापडतं. बॅगांवर पांढऱ्या रंगात घाईघाईनं लिहिलेलं नाव, गाव, जन्मतारीख, बॅग परत मिळेल या भरवशावर, हे त्यांतलं एक. पण त्या नावाची बाई शुक्रवारी संध्याकाळी काय रांधायची, सासूशी का भांडायची, कुठल्या गाण्यावर पाय ठेका धरायचा, हे बॅग सांगत नाही आणि साडेतीन तासांत विचारायला फुरसत नसते.

ही उणीव एकट्या मला जाणवली असं नाही. २७ नंबरच्या ब्लॉकमध्ये २०१३ साली याद वाशेमनं, म्हणजे जेरुसलेमच्या स्मारकसंस्थेनं, नवं प्रदर्शन उभारलं. तिथे शिरताच चारही भिंतींवर युद्धाआधीच्या घरगुती फिल्मा चालू असतात. लग्नं, समुद्रकिनारे, शाळेची गॅदरिंगं, कॅमेऱ्याकडे पाहून लाजणारी पोरं. सबंध ऑशवित्झमध्ये माझ्या घशाशी आवंढा आला तो तिथे. केसांपाशी नाही.

आणि स्मारक म्हणजे खरं, उत्सव म्हणजे खोटं, ही वाटणीही टिकत नाही. बिर्केनाऊच्या स्मारकावरच्या पाट्यांवर १९९० पर्यंत चाळीस लाख हा आकडा होता, आणि त्यातले बहुसंख्य ज्यू होते हे मात्र लिहिलेलं नव्हतं. 'फॅसिझमचे बळी' म्हटलं की कम्युनिस्ट राजवटीला पुरत होतं. स्मारकावर कोरलेलं होतं म्हणून ते खरं झालं नाही.

आपण मराठी वाचक तिथे जातो ते काही कोरी पाटी घेऊन जात नाही. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' दोन पिढ्यांनी रात्र-रात्र जागून वाचलं आहे. हिमलर, गोबेल्स, गोअरिंग ही आपल्याला शेजारच्या वाड्यातल्या माणसांसारखी पाठ आहेत. फूटपाथवर आणि स्टेशनच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांना खेटून मांडलेलं असतं, आणि ते घेणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. मारल्या गेलेल्यांपैकी नाव सांगा म्हटलं तर ॲन फ्रँक, आणि तिच्यापुढे आपण अडखळतो. क्राकूफचा एक माणूस सांगा म्हटलं तर शिंडलर सांगू. तो जर्मन होता. असा माणूस थेट ऑशवित्झला गेला तर मारणाऱ्यांबद्दलचं त्याचं ज्ञान आणखी थोडं वाढतं. मेलेले होते तसेच बिनचेहऱ्याचे राहतात. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: क्राकूफला जायचं तर आधी काझिमेशमध्ये दोन दिवस चाला. ऑशवित्झ शेवटी ठेवा. आणि मिठाची खाण सुंदर आहे, पण तिला तिचा वेगळा दिवस द्या.

काझिमेश ही आज क्राकूफची पेठ आहे, पण काझिमिएश राजानं १३३५ साली वसवलं तेव्हा ते स्वतंत्र गाव होतं. १४९५ साली क्राकूफमधल्या ज्यूंना तिथे हलवलं आणि पुढची साडेचारशे वर्षं तिथे एक जग उभं राहिलं. शेरोका नावाची लांबट चौकासारखी गल्ली, तिच्या टोकाला जुनं सिनेगॉग, मध्ये रेमूचं छोटं सिनेगॉग आणि त्याच्या मागची दफनभूमी. हे रेमू म्हणजे मोझेस इसेर्लेस, १५७२ साली वारलेले धर्मशास्त्री. त्यांची गोष्ट मला फार आवडली. त्यांच्याच काळात योसेफ कारो नावाच्या स्पेनमधून परागंदा झालेल्या घराण्यातल्या पंडितानं ज्यू आचारधर्माचा एक ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिलं 'मांडलेलं मेज'. इसेर्लेसनी पाहिलं की यात आपल्या पोलंड-जर्मनीकडच्या चालीरीतींचा पत्ताच नाही. त्यांनी टीपा लिहिल्या आणि त्या टीपांना नाव दिलं 'मेजावरचं कापड'. भांडण नाही, नवा पंथ नाही. तुम्ही मेज मांडलंत, आम्ही त्यावर आमच्याकडचं कापड अंथरतो. पूर्व युरोपातून जगभर पांगलेले सनातनी ज्यू आजही घरातला विधिनिषेध त्या टीपांवरून ठरवतात. काझिमेशमधल्या एका माणसानं चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी अंथरलेलं कापड न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांत अजून आहे. ऑशवित्झच्या फेरीत यातलं काही कानावर येत नाही.

दफनभूमीच्या एका भिंतीत फुटक्या थडग्यांचे तुकडे बसवले आहेत. नाझींनी फोडलेले दगड युद्धानंतर लोकांनी वेचले. कुठे अर्धा सिंह, कुठे आशीर्वादाचे दोन पंजे, कुठे नुसती एक हिब्रू ओळ, मध्येच तुटलेली. इसेर्लेसच्या थडग्यावर खडे आणि घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. फुलं वाहायची त्यांच्यात पद्धत नाही, खडा ठेवायचा. माझ्यापुढे एक तरुण बाप आपल्या चार वर्षांच्या मुलाला खडा कसा ठेवायचा ते दाखवत होता. मुलाला तो खडा खिशात घालायचा होता. बराच वेळ वाटाघाटी चालल्या.

तिथून पाच मिनिटांवर प्लाट्स नोव्ही, म्हणजे नवा चौक. मधोमध एक गोल इमारत, तिच्या खिडक्यांतून झापिएकांका विकतात. अर्धा लांबडा पाव, त्यावर मशरूम आणि चीज, वरून सॉसच्या नागमोडी रेघा. रात्री एक वाजताही रांग असते. ही गोल इमारत युद्धापर्यंत ज्यूंचा कोंबड्यांचा कत्तलखाना होती. धर्माच्या नियमानं मान कापून घ्यायला बायका शुक्रवारच्या आधी कोंबडी घेऊन यायच्या. आज पाव खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. मला ठाऊक होतं, आणि तरी मी पाव खाल्ला. चांगला होता.

युद्धानंतर काझिमेश ही रिकाम्या घरांची, ओल आलेल्या भिंतींची, गरीब आणि बदनाम वस्ती झाली. इथल्या ज्यूंना नाझींनी मार्च १९४१ मध्ये नदीपलीकडे पोदगुजेतल्या घेट्टोत, म्हणजे कोंडवाड्यात, नेऊन कोंडलं होतं. ३२० घरं, जिथे आधी तीन-साडेतीन हजार माणसं राहत, तिथे १५ हजारांहून जास्त. दोन वर्षांनी, १३ आणि १४ मार्च १९४३ ला, ती वस्तीही संपवली. बाहेरची भिंत त्यांनी मुद्दाम ज्यू थडग्यांच्या आकाराच्या कमानी देऊन बांधली होती. तिचा एक तुकडा ल्वोव्स्का रस्त्यावर अजून उभा आहे. पण पर्यटक वस्तीचा फोटो काढतात तो नदीच्या अलीकडे, काझिमेशमधल्या एका अंगणातल्या जिन्याचा, कारण स्पीलबर्गनं शिंडलरवरच्या १९९३ च्या चित्रपटातली दृश्यं तिथे चित्रित केली. घडलं पोदगुजेत, आठवलं जातं काझिमेशमध्ये.

घडलेलं एक आणि आठवलेलं दुसरंच, याची क्राकूफला सवय जुनी आहे म्हणा. मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. सांगतात की तेराव्या शतकात तार्तरांची धाड पाहून इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून. पण या कथेचा जुना पुरावा नाही. ती जगभर गेली ती एरिक केली नावाच्या अमेरिकन लेखकाच्या १९२८ च्या मुलांच्या कादंबरीमुळे. तरी दर तासाला खाली माणसं मान वर करून उभी असतात आणि सूर तुटला की गप्प होतात. त्यांच्यात मीही उभी राहिले, दोनदा.

आता महोत्सव. तो सुरू झाला १९८८ साली, स्पीलबर्गच्या चित्रपटाच्या पाच वर्षं आधी. पोलंडमध्ये अजून कम्युनिस्ट राजवट होती आणि ज्यू हा शब्दसुद्धा लोक इकडे-तिकडे पाहून उच्चारत होते. सुरू करणारे दोघे, यानुश माकुख आणि क्शिश्तोफ गिएरात, ज्यू नव्हते. माकुख स्वतःला 'शाब्बेस गोय' म्हणवतात. शनिवारी ज्यूंना चूल पेटवायला, दिवा लावायला मनाई असते. तेव्हा शेजारचा परधर्मी येऊन ते करून देतो, तो शाब्बेस गोय. म्हणजे ज्यांच्या घरात दिवा लावायला कोणी उरलं नाही, त्यांचा दिवा लावणारा शेजारी.

हे ऐकल्यावर मला आपल्याकडचं तेरावं आठवलं. घरात माणूस गेलं की बारा दिवस सुतक, आणि तेराव्याला गोडाचं जेवण. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. आजी गेली आणि पानात श्रीखंड? पण त्यात शहाणपण आहे. मेलेल्याला निरोप रडून जितका द्यायचा तितका त्याच्या आवडीचं रांधूनही द्यायचा. पंगतीत बसलं की गप्पा मरणावरून माणसावर येतात. म्हातारी कशी चिडायची, कशी उखाणे घ्यायची. बारा दिवसांत ती 'मयत' असते, तेराव्याला पुन्हा आजी होते. ऑशवित्झ हे न संपणारं सुतक आहे आणि ते तसंच राहायला हवं. पण तेरावं कुठेतरी व्हायला हवं ना? आणि ज्या घरातलं कोणीच उरलं नाही त्याचं तेरावं कोणी घालायचं? शेजाऱ्यानं घातलं तर चालेल का?

माझ्या लेखी क्राकूफबद्दलचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर सोपं नाही, कारण हा शेजारी निष्पाप नाही. पोलंडमधल्या ३३ लाख ज्यूंपैकी सुमारे ३० लाख मारले गेले. मारले जर्मनांनी, हे पोलिश माणूस तुम्हाला बजावून सांगतो आणि ते खरं आहे. ज्यूला लपवलं तर पोलंडमध्ये देहान्ताची शिक्षा होती, तरी ज्यूंना वाचवल्याबद्दल याद वाशेमनं गौरवलेल्यांत सर्वांत जास्त, सात हजारांहून अधिक, पोलिश आहेत. क्राकूफच्या कोंडवाड्यातला औषधवाला तादेउश पांकिएविच त्यांच्यातलाच. पण हेही खरं की ११ ऑगस्ट १९४५ ला, युद्ध संपल्यावर, याच काझिमेशमधल्या कुपा सिनेगॉगवर जमाव चालून गेला आणि ऑशवित्झमधून जिवंत परतलेली एक स्त्री आपल्या गावात मारली गेली. पुढच्या जुलैत किएल्त्से शहरात ४२ ज्यूंची कत्तल झाली. १९६८ साली कम्युनिस्ट पक्षानंच मोहीम काढून उरल्यासुरल्या ज्यूंतल्या हजारोंना देशाबाहेर घालवलं. २०१८ साली, नाझी गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राचा वाटा होता असं म्हणणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा कायदा झाला. जगभर ओरड झाल्यावर काही महिन्यांत त्यातली शिक्षा काढावी लागली. आणि रिकाम्या घरांत कोण राहायला गेलं, पलंग, शिवणयंत्रं, भांडी कोणाकडे गेली, हे प्रत्येक पोलिश गावाला आपापल्या पुरतं माहीत आहे. तेव्हा तेराव्याच्या पंगतीत वाढलेलं ताट मेलेल्याच्याच फडताळातलं असण्याची शक्यता आहे.

आणि काही ताटं तर सरळ विक्रीला आहेत. शेरोकावर काही उपाहारगृहांनी दारावर जुन्या ज्यू दुकानदारांच्या नावाच्या पाट्या रंगवून लावल्या आहेत. आत मेणबत्त्या, व्हायोलिन, लोणच्याच्या बरण्या. बाजारात लाकडी ज्यू मिळतो, दाढी, काळा कोट, हातात खरं नाणं. त्याचं चित्र दाराशी टांगलं की घरात पैसा येतो म्हणे, आणि शनिवारी ते उलटं करायचं, म्हणजे त्याच्या खिशातली नाणी आपल्या घरात सांडतात. ज्याला आयुष्यभर कवडीचुंबक म्हणून हिणवलं, त्याचीच मेल्यावर लक्ष्मीपूजा. विकणाऱ्या बाईला यात वाईट वाटावं असं काही दिसत नव्हतं. ती मला 'लकी, लकी' म्हणत होती. क्राकूफचा लायकोनिकही लकीच. जूनच्या आसपास तार्तराच्या वेषात, लाकडी घोड्यात शिरून एक दाढीवाला शहरभर नाचतो आणि ज्याला त्याची गदा लागेल त्याचं वर्ष चांगलं जातं. त्याचा पोशाख १९०४ साली विस्पियान्स्कीसारख्या मोठ्या चित्रकारानं आखून दिला. शत्रूला सातशे वर्षांनी बाहुला करायला हरकत नाही. शत्रू आता हयात नाही आणि तो तुम्हाला मारायला आला होता. ज्यू मारायला आला नव्हता, शेजारी राहत होता. आणि त्याला सातशे वर्षं झालेली नाहीत.

रूथ एलन ग्रूबर यांनी 'व्हर्च्युअली ज्यूइश' या २००२ च्या पुस्तकात या सगळ्याला हात घातला आहे, ज्यूंशिवायची ज्यू संस्कृती, परक्यांनी परक्यांसाठी उभी केलेली. टीका खरी आहे. पण मी महोत्सवात जे पाहिलं ते नाण्याच्या ज्यूपासून बरंच दूर होतं. टेम्पल सिनेगॉग १८६२ सालचं, आत सोनेरी वेलबुट्टी. तिथे धर्मगायकांची मैफल होती. माझ्या बाजूला साठीची पोलिश बाई, मांडीवर कार्यक्रमपत्रिका, शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा. दुसऱ्या दिवशी ती मला हिब्रू अक्षरं गिरवण्याच्या वर्गात दिसली. तिसऱ्या दिवशी व्याख्यानात. काजव्यांसारखे चमकून जाणारे पर्यटक वेगळे आणि ही वेगळी. ती शिकत होती. शिकणं आणि विकणं यांतला फरक डोळ्यांना दिसतो, त्यासाठी पुस्तक लागत नाही.

माझी कसोटी तेवढ्यावर संपत नाही. घरधनी परत आला तर? शेजाऱ्यानं तेरावं घातलंय आणि दारात तोच उभा राहिला, तर शेजारी दार उघडतो की कडी लावतो? १९४५ साली बऱ्याच दारांनी कडी लावली होती. महोत्सवानं मात्र पहिल्यापासून इस्रायलचे, न्यूयॉर्कचे ज्यू वादक, गायक, धर्मगुरू बोलावले, आणि त्यांनी आपल्या आजोबांच्या गल्लीत मोठ्यानं गायलं. २००८ साली काझिमेशमध्ये ज्यू कम्युनिटी सेंटर उघडलं. शुक्रवारचं जेवण तिथे होतं. २०१४ पासून दर उन्हाळ्यात लोक ऑशवित्झच्या फाटकापासून सायकली मारत त्या सेंटरपर्यंत येतात. दिशा नीट पाहा. आपण टूरवाल्याच्या गाडीत जातो त्याच्या उलटी.

आणि एक गोष्ट घडली जी कुठल्याच टीकाकाराच्या हिशेबात नव्हती. पोलंड मोकळं झाल्यावर म्हाताऱ्या आज्या मरणशय्येवर बोलू लागल्या. मी मूळची कॅथलिक नाही, जीव वाचवायला झाले. कोणाला जुन्या पेटीत कागद सापडले, कोणाला फोटो. अशी माणसं त्या सेंटरमध्ये येतात, काही विशी-पंचविशीची. म्हणजे शेजारी म्हणून पंगत वाढायला उभे राहिलेल्यांतल्या काहींना पंगत अर्ध्यावर आल्यावर कळलं, सुतक आपल्यालाच होतं.

पोलिशांना हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये, कारण दुःखात सण करण्याचा अनुभव त्यांना आहे, आणि तो आपल्या अंगणातला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात फेकलेली, वाटेत कोणी आई, कोणी भाऊ गमावलेली. वळिवड्यात त्यांनी शाळा काढल्या, चर्च बांधलं, नाटकं बसवली, नाताळ आणि ईस्टर पाळले. कोल्हापूरच्या उन्हात पोलिश नाच नाचणाऱ्या त्या पोरींना कोणी 'तुम्हाला लाज नाही का' असं विचारलं नाही. ती छावणी पुढे फाळणीत घरं गमावलेल्या सिंधी निर्वासितांना मिळाली, तिचं गांधीनगर झालं. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथे जातो. नंतर ते निर्वासित म्हातारे होऊन कोल्हापुरात यायचे तेव्हा दफनभूमीत जायचेच, पण आपली शाळा कुठे होती, आपलं घर कुठलं, हेही शोधायचे. कोल्हापुरात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, पण स्तंभात कोणी राहिलेलं नव्हतं.

अर्थात सगळेच सूर बसत नाहीत. ओश्विएंचिम, म्हणजे ज्या गावाला जर्मनांनी ऑशवित्झ म्हटलं, तिथे आज पस्तीसेक हजार माणसं राहतात. त्यांनी २०१० पासून संगीत महोत्सव केला, २०१४ ला एरिक क्लॅप्टन, २०१६ ला एल्टन जॉन आले. छावणीच्या गावात रॉक? मला अजून पचत नाही, आणि तिथल्या पोरांनी मग कायम दुखवटा पाळत जगावं का, यालाही माझ्याकडे उत्तर नाही. ऑगस्ट २०१५ च्या उकाड्यात संग्रहालयानं रांगेतल्या लोकांसाठी पाण्याचे फवारे लावले, तर काही पाहुण्यांना त्यात गॅस चेंबरचे शॉवर दिसले. लोक रांगेत चक्कर येऊन पडत होते म्हणून लावले, असं संग्रहालय सांगत राहिलं. पोलिश कवी चेस्वाव मिवोशनं १९४३ साली 'काम्पो दी फिओरी' ही कविता लिहिली ती वॉर्साच्या जळत्या कोंडवाड्याच्या भिंतीबाहेर फिरणाऱ्या जत्रेतल्या चक्रपाळण्यावर. आत माणसं जळत होती आणि बाहेर पोरी झुल्यात हसत होत्या. महोत्सवाविरुद्धचा याहून मोठा साक्षीदार सापडणार नाही. पण तो पाळणा फिरत होता भिंतीच्या पलीकडे काय चाललंय ते न बघण्यासाठी. टेम्पलमधली पेन्सिलवाली बाई बघण्यासाठी आली होती.

शेवटच्या दिवशी मी पोदगुजेत गेले. तिथल्या एका चौकातून कोंडवाड्यातल्या माणसांना छावण्यांकडे नेलं, आणि पांकिएविचनं औषधाच्या दुकानातून पाहून लिहून ठेवलं की लोक गेल्यावर चौकात त्यांचं सामान पसरलेलं होतं. म्हणून २००५ साली तिथे धातूच्या ७० खुर्च्या मांडल्या. ३३ मोठ्या, चौकात, रिकाम्या. बाकीच्या जरा लहान, कडेला आणि ट्रामच्या थांब्यावर, आणि त्यांवर बसायला मुभा आहे. मला ते आधी कळलं नाही. मी थांब्यावर उभी होते. एका खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, पायाशी कापडी पिशवी, पिशवीतून शेपूची जुडी डोकावत होती. दोन ट्राम गेल्या, तिची आली नाही, माझीही नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी आपल्या पायाशी ओढून घेतली आणि काही न बोलता हातानं शेजारची खुर्ची दाखवली.